पोरींच्या गुडघ्यांची जबाबदारी कुणाची?

गावात कृषी सेवा केंद्र टाकायचं म्हटलं तर परवाना लागतो, आणि आता तर त्यासाठी शेतीच्या शिक्षणाची अटही आहे. औषधाचं दुकान फार्मासिस्टशिवाय चालत नाही. जीप चालवायची तर लायसन्स हवं. इतकंच काय, गोठ्यातल्या बैलावर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाचीही नोंदणी असावी लागते, तसा १९८४ चा कायदा आहे. पण मैत्रिणींनो, तुमच्या-माझ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला पहाटे पाच वाजता माळावर पळवणाऱ्या, तिच्या कमरेला टायर बांधणाऱ्या आणि तिचा गुडघा सुजला तर तोही ओढून-चोळून ‘बसवून’ देणाऱ्या माणसाला काय लागतं? एक शिट्टी, एक स्टॉपवॉच आणि चौकात लावायला एक फ्लेक्स! बस्स.

आमचं धावडा हे भोकरदन तालुक्यातलं गाव, बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेजवळचं. गावाचं नावच धावडा, मग इथल्या मुली धावणार नाहीत तर काय! पहाटे रस्त्यावर पाहावं तर पोरींचे घोळके पळताना दिसतात. डोळ्यांत एकच स्वप्न, पोलिसाची वर्दी. आपल्या राज्यात सरकारी नोकरीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे, त्यामुळे आईबापांनाही उमेद वाटते. भरतीत मैदानी परीक्षा ५० गुणांची. मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं, शिवाय चार किलोचा गोळा फेकणं. या ५० गुणांसाठी तालुक्याच्या गावी, बाजाराच्या गावी ‘अकॅडमी’ निघाल्या आहेत. कुठे राहण्या-जेवणासह, कुठे नुसतं मैदान.

हे चांगलंच आहे, असं मी आधीच सांगते. दहावीनंतर लगेच लग्न लावून देण्यापेक्षा मुलगी मैदानावर गेलेली कधीही चांगली. शिकवणारे बहुतेकजण मनाने चांगले असतात. कुणी फौजेतून निवृत्त झालेले, कुणी स्वतः भरतीत दोन गुणांनी राहिलेले. काहीजण तर गरिबाच्या पोरीकडून एक रुपया घेत नाहीत. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण कष्ट वेगळे आणि शरीराचं ज्ञान वेगळं.

बचत गटाच्या कामानिमित्त मी दहा घरांत जाते. आया मन मोकळं करतात. एकीच्या लेकीचा घोटा मुरगळला. सर म्हणाले, “पळत राहा, गरम झाला की दुखायचा थांबेल.” पोरगी तीन आठवडे लंगडत पळाली. शेवटी पायाला प्लास्टर चढलं आणि त्या वर्षीची भरती हातची गेली. दुसरीच्या मुलीची पाळी पाच महिने आली नव्हती. पोरगी वजन कमी करायचं म्हणून एक भाकरी खाऊन दोन वेळा सराव करत होती, आणि नडगी सारखी दुखत होती. हे सांगायचं कुणाला? सर पुरुष. आईला वाटलं, पळण्यामुळे होत असेल. प्रत्यक्षात खाणं कमी आणि कष्ट जास्त झाले की पाळी बंद पडते, हाडं कमजोर होतात आणि नडगीच्या हाडाला बारीक तडे जातात. हे मैदानावरच्या माणसाला ठाऊक असायला नको का? आधीच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे (२०१९-२१) आपल्या राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. अशा पोरीला मुलांच्याच मापाने पळवायचं?

गुडघ्याचं तर विचारूच नका. गुडघ्याच्या आत एक मजबूत दोरीसारखा स्नायुबंध असतो, डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. उडी मारून चुकीची उतरण झाली, पळता पळता एकदम वळलं, की तो तुटतो. सारख्याच खेळात मुलांपेक्षा मुलींमध्ये ही दुखापत दुपटीपासून कितीतरी पट जास्त दिसते. कमरेची ठेवण, मांडीच्या स्नायूंची ताकद, उतरताना गुडघे आत वळण्याची सवय अशी त्याची कारणं सांगतात. कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या आपल्या मुलींना तर हा धोका रोजचाच. पण याला उपायही आहे, आणि तो फुकट आहे. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, फिफाने, २००६ च्या सुमारास सुरुवातीच्या व्यायामांचा एक वीस मिनिटांचा संच तयार करवून घेतला. त्यात पंधरा व्यायाम आहेत. आठवड्यातून निदान दोनदा तो नीट करणाऱ्या संघांत दुखापती तिसऱ्या हिश्शाने आणि कुठे कुठे निम्म्याने कमी झाल्याचं दिसून आलं. त्याला ना मशीन लागतं ना गादी, शिकवणारा मात्र शिकलेला लागतो.

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आठवा. २०२५ च्या जुलै महिन्यात मोनॅकोच्या शर्यतीत तो पडला आणि त्याच्या गुडघ्याला हीच दुखापत झाली. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. विनेश फोगटला २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे स्ट्रेचरवरून न्यावं लागलं होतं. दोनच वर्षांनी, २०१८ मध्ये, तिने आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. म्हणजे दुखापत कुणालाही होते. फरक पुढे पडतो. त्यांच्या मागे डॉक्टर, फिजिओ, महिनोन् महिन्यांचा शिस्तीचा व्यायाम असतो. आपल्या पोरीच्या मागे काय असतं? हाडवैद्य, तेलाची बाटली आणि “काय ग, एवढ्यात रडायला लागलीस?”

मग कायदा काय म्हणतो? आपल्याकडे कायदेच नाहीत असं नाही. महाराष्ट्राने २००२ साली व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार करणाऱ्यांसाठी राज्य परिषदेचा कायदा केला. भौतिकोपचार म्हणजे आपण ज्याला फिजिओथेरपी म्हणतो ती. बारावीनंतर साडेचार-पाच वर्षं शिकून पदवी घ्यायची आणि परिषदेकडे नाव नोंदवायचं, मगच व्यवसाय करायचा, अशी ती रीत. २०२१ मध्ये केंद्र सरकारने आरोग्याशी संबंधित व्यवसायांसाठी आणखी एक मोठा कायदा केला. त्यात फिजिओथेरपिस्टपासून आहारतज्ज्ञांपर्यंत पन्नासहून जास्त व्यवसाय आहेत. पण मैदानावर खेळाडूचं शरीर सांभाळणारा माणूस हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून त्या यादीत नाही. आणि अकॅडमी काढणाऱ्याला तर यातलं काहीच लागू नाही. खेळ शिकवण्याचं चांगलं शिक्षण आपल्या देशात मिळतं, पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून ते देत आहे. आपल्याकडे बी.पी.एड. झालेले शिक्षकही आहेत. पण असं शिक्षण घेतल्याशिवाय कुणी खासगी अकॅडमी काढू नये, असा दंडक नाही.

अमेरिकेत या कामाला ‘अॅथलेटिक ट्रेनर’ म्हणतात. नाव ऐकून वाटतं की हा व्यायाम करून घेणारा असेल, पण तसं नाही. खेळ शिकवणारा प्रशिक्षक वेगळा, आणि हा वेगळा. दुखापत होऊ नये म्हणून काळजी घेणं, झालीच तर मैदानावर पहिला उपचार करणं आणि बरा झालेला खेळाडू पुन्हा कधी उतरेल हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरवणं, हे त्याचं काम. तिथल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने १९९० मध्ये या व्यवसायाला आरोग्यसेवेचा भाग म्हणून मान्यता दिली. पदवी, परीक्षा आणि राज्याचा परवाना, असा त्याचा रस्ता. तिथल्या जवळजवळ सगळ्या राज्यांनी यासाठी नियम केले. कॅलिफोर्नियासारखं श्रीमंत राज्य मात्र वर्षानुवर्षं मागे राहिलं. म्हणजे पैसा असला म्हणजे शहाणपण येतंच असं नाही!

मला यातली एकच गोष्ट फार मोलाची वाटते. खेळवणारा आणि शरीर सांभाळणारा, ही दोन माणसं वेगळी आहेत. आपल्याकडे दोन्ही कामं एकाच ‘सरां’कडे. त्यांना यंदा फ्लेक्सवर किती फोटो लावता येतील याची काळजी असते, आणि त्यात गैर काही नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. पण म्हणूनच दुखऱ्या पायाची मुलगी उद्या पळेल की नाही, हा निर्णय एकट्या त्यांच्या हातात नसावा. तो अशा माणसाचा असावा ज्याला तिच्या निकालाशी देणंघेणं नाही, फक्त तिच्या पायाशी आहे.

आता कुणी म्हणेल, ताई, परवाना आला की चिरीमिरी आली. फी वाढेल. गरिबांसाठी चालवलेले वर्ग बंद पडतील आणि मुली पुन्हा घरात बसतील. ही भीती खोटी नाही. कागद करून देणारे दलाल आपण सगळ्यांनीच पाहिलेत. म्हणून मला मोठ्या पदवीची सक्ती नको आहे. गावातल्या प्रशिक्षकासाठी काही आठवड्यांचं, जिल्ह्याच्या ठिकाणी, मराठीत, कमी फीचं प्रशिक्षण असावं. त्यात प्रथमोपचार, ऊन लागल्यावर काय करायचं, मुलींच्या शरीराची माहिती आणि कुठे थांबायचं हे शिकवावं. त्यानंतर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे साधी नोंदणी. दुखापतीवरचा इलाज मात्र डॉक्टर किंवा नोंदणी असलेल्या फिजिओथेरपिस्टनेच करावा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस जरी फिजिओथेरपिस्ट बसला तरी किती पोरींचं भलं होईल! आणि ज्याच्या मैदानावर निष्काळजीपणा होईल, त्याची नोंदणी रद्द व्हावी. परवान्याचा खरा उपयोग हाच, की चूक झाली तर विचारायला एक पत्ता असतो. आज तो पत्ताच नाही.

हे नुसतं गुडघ्यापुरतं नाही. २०१४ च्या जून महिन्यात मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी पाच किलोमीटरच्या धावण्यात उमेदवार कोसळले, काहींचा जीव गेला. त्यानंतर अंतर कमी करण्यात आलं. आपल्या जालन्याचं ऊन तर सगळ्यांना माहीत आहे. ऊन लागून कुणी बरळायला लागलं तर आधी सावलीत घेऊन अंगावर गार पाणी ओतायचं, आणि त्याच वेळी १०८ ला फोन करायचा. नुसती गाडीची वाट पाहत बसलं तर ती मिनिटं जिवावर बेततात. हे किती सरांना माहीत आहे, एकदा विचारून पाहा.

आणि आणखी एक, जे आपण कुजबुजत बोलतो. पहाटेचा अंधार, दुखापत ‘बघण्याच्या’ निमित्ताने अंगाला लागणारे हात. सगळे तसे नसतात. पण एखादा असतो. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात खेळाची संस्था आणि सरावाची जागाही येते, हे लक्षात ठेवा. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा आहेच. नोंदणी नसलेल्या माणसाबद्दल पुढच्या गावाला कळायचं कसं? तो इथलं मैदान सोडतो आणि वीस किलोमीटरवर नवा फ्लेक्स लावतो.

नियम होतील तेव्हा होतील. तोवर आपण हातावर हात ठेवून का बसायचं? मुलीचं नाव घालायला जाल तेव्हा तिच्या बाबांना एकट्याला पाठवू नका, तुम्हीही जा. आणि सरळ विचारा: सर, तुमचं शिक्षण काय? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलंय का? मैदानावर बर्फ, पट्ट्या, पाणी असतं का? मुलींसाठी एखादी बाई आहे का? दुखापत झाली तर कुणाकडे नेता, त्यांची नोंदणी दाखवाल का? चांगल्या शिक्षकाला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट आनंद होतो. ज्याला राग येईल, तिथून मुलीला घेऊन घरी या.

घरीही थोडं करता येतं. पाय मुरगळला तर पहिले दोन दिवस गरम शेक आणि जोराची मालिश नको. बर्फ फडक्यात गुंडाळून लावा, पाय उशीवर उंच ठेवा. टेकवता येत नसेल तर डॉक्टरांकडेच न्या. पळणाऱ्या मुलीला पोटभर खाऊ द्या, भावाच्या ताटाएवढं. महिन्याच्या महिन्याला पाळीचं विचारा. दुखणं थांबवायचं ‘ताकदीचं’ इंजेक्शन किंवा पावडर कुणी दिली तर ती कसली आहे हे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका.

आणि ग्रामसभेत हा विषय मांडा. महिला ग्रामसभेत तर नक्कीच मांडा. गावाच्या मैदानावर सराव घेणाऱ्याने आपली माहिती ग्रामपंचायतीत लिहून द्यावी, एवढा ठराव करायला मुंबईची परवानगी लागत नाही. दहा गावांनी असे ठराव पाठवले तर जिल्ह्याला दखल घ्यावी लागेल. शंभर गावांनी पाठवले तर कदाचित मंत्रालयालाही.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या मुलींनी तो जिंकला. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. आपल्या मातीत ताकद आहे, हे आता वेगळं सांगायला नको. वर्दी मिळो न मिळो, पदक मिळो न मिळो, त्या पायांवर पोरीला पुढची पन्नास वर्षं उभं राहायचं आहे. शेतात वाकायचं आहे, लेकरू कडेवर घ्यायचं आहे, जिने चढायचे आहेत. तेव्हा ते पाय कुणाच्या हातात देतोय, एवढं तरी विचारूया. विचारणार ना?