शेअरवेअर, मामाचं दुकान आणि आबांची चाळीस पानं

मध्यंतरी एका रविवारी कोल्हापूरला घरी होतो. पाऊस थांबायचं नाव घेईना, रंकाळ्यावरची चक्कर बोंबलली, मग माळ्यावरची मामाची सीडींची पेटी खाली काढली. मामाचं महाद्वार रोडजवळ डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांचे अहवाल वगैरे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तिथला कॉम्प्युटर माझा!

पेटीत एक शेअरवेअर गेम्सची सीडी निघाली आणि तिच्यात 'डेअर टू ड्रीम'. १९९३ चा, विंडोज ३.१ वरचा पॉइंट-अँड-क्लिक गेम. एपिक मेगागेम्सने काढलेला, क्लिफ ब्लेझिन्स्की नावाच्या विशीही न गाठलेल्या पोराने बनवलेला. (हाच गडी पुढे 'गिअर्स ऑफ वॉर'चा डिझायनर झाला.) नायक टायलर, वय वर्षं दहा, वडील नुकतेच गेलेले, आणि सगळा खेळ त्याच्या स्वप्नात. मीही तेव्हा दहाचाच. इंग्रजी कळायचं नाही, मामा पत्रिका जुळवता जुळवता सांगायचा, "वडील वारल्यात रं त्याचं."

गेमचे भाग तीन. पहिला फुकट, वाटा हवा तेवढा. पुढचे दोन पैसे भरून. कोल्हापुरातून डॉलर कोण पाठवणार? माझा टायलर पहिल्या भागातच अडकून राहिला.

आता खेळू म्हटलं तर ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅमला दारातही उभं करत नाही. मग लिनक्सवर 'वाइन' टाकलं. गंमत म्हणजे वाइनचं कामही १९९३ लाच सुरू झालेलं. तासाभराच्या झटापटीनंतर गेम चालू! खरं सांगायचं तर गेम काही ग्रेट नाही. निम्मी कोडी म्हणजे ह्याला ते लाव, त्याला हे लाव. तरी पहिला भाग संपवूनच उठलो.

पण मुद्दा तो नाही. त्याच पेटीत दुसरी सीडी होती, तिच्यावर मार्करने लिहिलेलं 'आबा'. आमच्या आबांच्या तालमीतल्या आठवणी. खासबागचं मैदान, खुराक, वस्ताद, सगळं. चाळीस पानं, मामाने रात्री बसून टाइप केलेली. छापायची राहिली, आणि आबा गेले. फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला!

मामाला विचारलं. "त्यो फाँट कुठला आता? त्याला लॉक लागायचं मागं. लॉक गेलं, फाँट गेला."

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण दुकानांतून बरीच वर्षं चालले ते प्रत्येकाचे आपापले सांकेतिक फाँट, कॉम्प्युटरच्या मागे हार्डवेअरचं लॉक लावून. फाँट बनवणाऱ्यांनाही पोट होतंच, मीही सॉफ्टवेअरवरच जेवतो, तेव्हा लॉक लावलं म्हणून मी कुणाला शिव्या घालणार नाही. पण हिशोब बघा. अमेरिकेतल्या एका पोराचा सुमार गेम तीस वर्षांनी कोल्हापुरात चालतो, कारण त्याची कॉपी करायला मुभा होती आणि लोकांनी ती केली. आणि आमच्या आबांचे शब्द, आमच्याच गावात टाइप केलेले, आम्हालाच वाचता येत नाहीत.

शेवटी मामाच्या दुकानातला एक जुना छापील अहवाल आणि त्याची फाइल शेजारी ठेवली, कुठल्या चिन्हाचं कुठलं अक्षर ते जुळवलं आणि स्क्रिप्ट लिहिली. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडला ती नंतर हवी. रफाराचं नेमकं उलटं. गेमला एक तास लागला, आबांना तीन रविवार. अजून काही जोडाक्षरं फुटतात, पण वाचता येतं. मामाला फोनवर पहिलं पान वाचून दाखवलं. जरा वेळ गप्पच होता. मग म्हणाला, "तालमीला दीर्घ वेलांटी दिलीय काय बघ. आबा रागवायचं त्यावरनं."

तेव्हा मंडळी, तुमच्याही माळ्यावर अशी पेटी असेल. सीडी कायम टिकत नाहीत, आणि तो फाँट ओळखणारा मामाही कायमचा नसतो. या रविवारी काढा.