मज्जातंतूंचे कलम

झाडावरून पडून अथवा वाहनाच्या अपघातात मानेतील मज्जारज्जूला इजा झाली, म्हणजे पायांबरोबर पुष्कळदा हातही लुळे पडतात. अशा मनुष्यास सर्वांत आधी काय परत हवे असेल? आपण म्हणू, चालणे. परंतु २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा व्यक्तींपैकी जवळजवळ निम्म्यांनी हातच पहिल्याने मागितले. आपला घास आपल्या हाताने तोंडात घालता यावा, ही इच्छा लहान नव्हे.

ती काही अंशी पुरी करणारी शस्त्रक्रिया आता होऊ लागली आहे. आमच्या बागाईतदार वाचकांना तिचे मर्म चटकन उमगेल, कारण ती कलमासारखीच आहे. तुटलेल्या मज्जारज्जूस पूर्ववत करण्याची विद्या अजून साधलेली नाही. मात्र इजेच्या वरच्या भागातून निघणारे मज्जातंतू मेंदूशी जोडलेलेच राहतात. कोपर वाकविणारे स्नायू एकाहून अधिक आहेत. त्यांपैकी एकाकडे जाणारी तंतूची शाखा कापून शस्त्रवैद्य ती बोटे मिटविणाऱ्या तंतूस जोडतात. कोपराचे काम उरलेले स्नायू सांभाळतात.

तथापि कलम बांधताच आंबे लागत नाहीत. नवा तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो. म्हणून बोटे हलू लागण्यास कित्येक महिने जातात. मेंदूलाही नवा धडा गिरवावा लागतो. आरंभी कोपर वाकविण्याचा यत्न करावा, तेव्हा कोठे बोटे मिटतात.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे डॉ. नताशा व्हॅन झील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ रुग्णांवर असे ५९ जोड केले. त्याचा वृत्तान्त २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन वर्षांनंतर अनेकांना वस्तू उचलता व ठेवता येऊ लागल्या. कोपर सरळ करून चाकांची खुर्ची ढकलता येऊ लागली. चार जोड फसले, हेही सांगितले पाहिजे.

आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेळ. दीर्घकाळ तंतूवाचून राहिलेला स्नायू वाळतो आणि मग जोड निष्फळ ठरतो. मेलबर्नचे रुग्ण निवडले गेले ते अपघाताला दीड वर्ष होण्याआधीच. आपल्या घरांतून मात्र पहिले वर्ष तेल चोळण्यात आणि वाट पाहण्यात सरते. सेवा करावीच, परंतु पहिल्या काही महिन्यांतच मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञास हाताविषयी स्पष्ट विचारावे. हा उपाय सर्वांनाच लागू पडत नाही. पण विचारण्यास उशीर झाला, एवढ्याच कारणाने कोणाचा हात गमावला जाऊ नये.