ग्रीन कार्ड आणि यंत्रमागाचा खडखडाट

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांचा खडखडाट ऐकत ज्यांचे आयुष्य गेले, त्या पिढीतील काही घरांच्या कपाटात आता भूखंडाच्या कागदांशेजारी आणखी एक दस्तऐवज दिसू लागला आहे. मुलगा शिकून अमेरिकेत गेला, तेथील नागरिक झाला, त्याने आई-वडिलांसाठी अर्ज केला आणि उभयतांना ग्रीन कार्ड मिळाले. अमेरिकन नागरिकाच्या आई-वडिलांना वार्षिक संख्येची मर्यादा लागू नसल्याने इतरांप्रमाणे वर्षानुवर्षे रांगेत तिष्ठावे लागत नाही. घरात पेढे वाटले गेले. कार्डावर छापलेल्या मुदतीकडे मात्र त्या दिवशी कोणी पाहिले नाही. एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. हे कार्ड अवघ्या दहा वर्षांचे असते!

नूतनीकरण तसे अवघड नाही. 'आय-९०' नावाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून भरता येतो. २०२४ च्या दरपत्रकानुसार संगणकावरून अर्ज केल्यास ४१५ डॉलर शुल्क पडते, आणि अर्जाची पोच मिळाली की जुन्या कार्डाला ३६ महिन्यांची वाढ मिळते. बोटांचे ठसे देण्याचे बोलावणे आल्यास तेथे हजर राहावे लागते, इतकेच. खरी गोम वेगळीच आहे. कार्ड नवे होते. पण ज्या हक्काचे ते कार्ड, तो हक्क तेथे प्रत्यक्ष वास्तव्य केल्यानेच टिकतो.

'वर्षातून एकदा जाऊन आले की भागते' असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो अर्धवट आहे. सलग १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या माणसाची परतताना नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी चौकशी होऊ शकते. एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लोटला, तर परतीच्या प्रवेशासाठी नुसते कार्ड चालत नाही. त्यासाठी अमेरिकेत असतानाच अर्ज करून पुनर्प्रवेश परवाना घ्यावा लागतो आणि तो साधारणतः दोन वर्षे चालतो. वर्षाच्या आत परतले म्हणजे सारे निभावले, असेही नाही. घर कोठे, कर कोठे, पोटाचा उद्योग कोठे, हे विमानतळावरील अधिकारी पाहू शकतो. दहा महिने सोलापुरात आणि दोन महिने नातवंडांकडे राहणाऱ्या कारखानदाराचे प्रामाणिक उत्तर काय असणार?

कराचा भाग तर बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसतो. ग्रीन कार्डधारक अमेरिकेच्या लेखी करदाता ठरतो आणि त्याला जगभरातील उत्पन्न तेथे दाखवावे लागते. टॉवेलच्या कारखान्याचा नफा, गाळ्याचे भाडे, बँकेतील ठेवींचे व्याज, सारे त्यात आले. अमेरिकेबाहेरील खात्यांतील एकत्रित रक्कम वर्षात केव्हाही १०,००० डॉलरवर गेली, की खात्यांची स्वतंत्र माहिती द्यावी लागते. येथे कर भरल्याची वजावट मिळू शकते, पण विवरणपत्र चुकत नाही.

यंत्रमागाचा धंदा दुरून चालणारा नव्हे. सुताचा भाव, विजेचे बिल, कामगारांची मजुरी, अडलेली ऑर्डर, या सर्वांना मालक जागेवर लागतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा त्या देशात माल पाठविणाऱ्यांची झोप उडाली. अशा वेळी कार्ड टिकविण्यासाठी न्यू जर्सीत दिवस मोजत बसणे कोणाला परवडेल?

सोलापूरला स्थलांतर नवे नाही. तेलंगणातून, म्हणजे तेव्हाच्या निजामी मुलखातून, पद्मशाली विणकर येथे आले. त्यांच्याजवळ कसलेही कार्ड नव्हते. ते येथे राहिले, मागावर बसले आणि सोलापूरकर झाले. आता अमेरिका 'तुम्ही येथे खरोखर राहणार आहात काय?' असे विचारते, त्यात अन्याय कोणता? आपला देशही या बाबतीत भाबडा नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ अन्वये स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने येणे-राहणे सुलभ होते. मतदानाचा किंवा शेतजमीन खरेदीचा हक्क मिळत नाही.

ज्यांना खरोखर मुलाजवळ राहायचे आहे, त्यांनी तसा निर्णय घ्यावा. सामान्यतः पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. वयाची पंचावन्न वर्षे आणि ग्रीन कार्डावरील पंधरा वर्षांचे वास्तव्य पूर्ण झाले असल्यास इंग्रजीची परीक्षा माफ होते आणि नागरिकशास्त्राची उत्तरे मराठीत देता येतात. ज्यांचा जीव मात्र कारखान्यात, पहाटेच्या फिरण्यात आणि गुरुवारच्या अक्कलकोटच्या वारीत गुंतला आहे, त्यांनी 'आय-४०७' अर्ज भरून कार्ड सन्मानाने परत करावे आणि अभ्यागत व्हिसा मागावा. तो बहुधा दहा वर्षांचा मिळतो आणि एका खेपेस सहा महिन्यांपर्यंत राहू देतात. तो मिळेलच याची हमी नाही, हेही खरे.

मुलांना हे सांगणे आई-वडिलांना जड जाते. मुलाने हौसेने केलेली गोष्ट नाकारली, असे त्याला वाटेल म्हणून ते गप्प राहतात आणि दरवर्षी गुडघेदुखी सोसत वीस तासांचा प्रवास करतात. नूतनीकरणाचे शुल्क भरण्याआधी मुलानेच एकदा दूरध्वनी करून विचारावे, 'बाबा, तुम्हाला कोठे राहायचे आहे?' आणि मागाच्या आवाजात उत्तर ऐकू आले नाही, तर पुन्हा विचारावे.