दवाखान्यापर्यंत नेणार कोण?

आम्ही वस्त्यांत फिरतो तेव्हा गोळ्या बंद केलेले ज्येष्ठ भेटतात. कारण विचारले की उत्तर एकच, "नेणार कोण?" १०८ ची गाडी तातडीच्या रुग्णासाठी आहे, महिन्याच्या तपासणीसाठी नाही. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, पण एसटी गल्लीच्या तोंडाशी येत नाही. रिक्षाचे भाडे आणि नेणाऱ्याचा खाडा, दोन्हींचा भार घरावर. मग तपासणी टळते, रक्तदाबाची गोळी सुटते आणि लकवा मारल्यावर तीच १०८ बोलवावी लागते.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सरकारी रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळ्या रांगेची तरतूद आहे. त्या रांगेपर्यंत पोचवणे हीसुद्धा सरकारचीच जबाबदारी आहे, असे आम्ही मानतो. पालिकेने ठरलेल्या दिवशी वस्तीतून रुग्णालयात गाडी सोडावी, अशी मागणी सगळ्यांच्या सह्यांनिशी वॉर्ड कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

तोवर शेजारच्या दोन ज्येष्ठांसाठी डॉक्टरांकडे एकच तारीख मागा. दोन ज्येष्ठ, एक सोबती, एक रिक्षा. भाडे वाटले जाईल, खाडा एकाचाच होईल. पुढच्या वेळी सोबती दुसऱ्या घरचा.