दहा हजार पावलं आणि सेलूचं ऊन

मंडळी, स्मार्टवॉच रोज दहा हजार पावलं मागतं, पण हा आकडा काही डॉक्टरांनी ठरवलेला नाही. १९६५ साली जपानात 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती!

आमच्या सेलूत मे महिन्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. अशात परवा आमचे काका (वय ६४) उरलेली दोन हजार पावलं पुरी करायला भर दुपारी निघाले. का, तर घड्याळातलं वर्तुळ अपुरं होतं. काका, वाचताय ना?

घड्याळ लावून मीही पळतो, उत्साह टिकतो हे खरंच. पण माझी नजर नाडीच्या ठोक्यांवर. उन्हात नेहमीच्याच वेगाला ठोके वाढतात, कारण अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडेही धावतं. मग मी सरळ चालायला लागतो, वर्तुळ राहिलं तर राहिलं.