चर्च, पॅलेस्टाईन आणि ठाण्याचा शेजार

मिरजेचे वान्लेस रुग्णालय ज्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने उभारले, त्याच परंपरेतील चर्चच्या महासभेपुढे २०१४ साली डेट्रॉइट येथे एक अवघड प्रश्न आला. ज्यांची यंत्रसामग्री इस्रायलव्याप्त प्रदेशात वापरली जाते, अशा तीन कंपन्यांतून चर्चने भांडवल काढून घ्यावे काय? अनुकूल ३१०, प्रतिकूल ३०३. सद्सद्विवेकाला पडलेला पेच इतक्या उघडपणे क्वचितच मोजला जातो.

ठाण्याला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. मासुंदा तलावाजवळ पोर्तुगीजकालीन चर्च आहे आणि त्याच शहरात बेने इस्रायल समाजाचे १८७९ चे सिनेगॉग. त्या समाजातील कित्येक कुटुंबे इस्रायलला गेली. जे राहिले त्यांची मायबोली मराठीच. येथील एखाद्या चर्चने पॅलेस्टिनी माणसाचे घर पाडण्याचा निषेध उद्या केला (आणि तो करावाच, मौन म्हणजे तटस्थता नव्हे), तर तो या शेजाऱ्यांसमोर मान खाली न घालता वाचून दाखविता आला पाहिजे. राज्यसंस्थेचा जाब राज्यसंस्थेलाच विचारावा, सिनेगॉगच्या दाराशी नव्हे. डेट्रॉइटच्या ठरावाने इस्रायलचा अस्तित्वाचा हक्कही मान्य केला होता, हे दोन्हीकडचे प्रचारक सोयीस्करपणे विसरतात.