भरलेल्या दाताचा दाखला

मावळात जमिनीचे भाव आकाशाला भिडल्यापासून सातबाऱ्यावरील प्रत्येक फेरफार डोळ्यांत तेल घालून तपासणारा आणि नावातील एका अक्षराच्या चुकीपायी वडगावच्या तहसील कचेरीत खेटे घालणारा कुटुंबप्रमुख, काही हजार रुपये मोजून दाढेचे रूट कॅनाल करून घेतो तेव्हा मात्र त्या दाढेच्या मुळांत नेमके काय भरले गेले आणि ते कोठवर पोहोचले, याचा कागद मागत नाही. हा कागद, म्हणजे भरणी पूर्ण झाल्यानंतरचा एक्स-रे व त्यासोबत वापरलेल्या द्रव्याची आणि पद्धतीची चार ओळींची नोंद, प्रत्येक रुग्णाच्या हाती न मागता पडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कीड दाताच्या गाभ्यापर्यंत पोहोचली की आतील मृदू ऊती सडते आणि मुळाच्या टोकाशी गळू धरते. या सर्व व्याधीचे मूळ जंतूंत आहे, हे १९६५ साली काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगाने निर्विवाद सिद्ध केले. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांचे उघडे पडलेले दात बरे झाले, इतरांचे सडले. म्हणून मुळातील नलिका साफ करणे आणि नंतर ती अशी बुजवणे की जंतूंना पुन्हा थारा मिळू नये, हे या उपचाराचे सार होय. बुजवण्यासाठी आजही प्रामुख्याने जे वापरतात ते गुट्टा-पर्चा म्हणजे मलायाकडील एका वृक्षाचा चीक. १८७० साली मुंबईला विलायतेशी जोडणाऱ्या समुद्रतळीच्या तारायंत्राच्या तारांवर ज्याचे वेष्टण होते, तेच द्रव्य १८६७ च्या सुमारास बोमन नामक अमेरिकन दंतवैद्याने मुळाच्या नलिकेत घातले. आजच्या शलाकेत मात्र हा चीक सुमारे पाचवा हिस्साच असतो आणि बहुतांश भाग झिंक ऑक्साइडचा असतो.

ही शलाका एकटी पुरत नाही. तिच्या आणि नलिकेच्या भिंतीमधील फट भरण्यास सीलर लागतो. जुना सीलर झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या तेलातील युजेनॉल यांचा, त्यानंतरचा इपॉक्सी रेझिनचा, आणि अलीकडचा कॅल्शियम सिलिकेटचा, ज्याला व्यवहारात बायोसिरॅमिक म्हणतात व जो ओलाव्यातच घट्ट होतो. पद्धतीही निरनिराळ्या आहेत: मुख्य शलाकेच्या बगलेने बारीक शलाका दाबून बसवण्याची थंड पद्धत, बॉस्टनच्या शिल्डर यांनी १९६७ साली मांडलेली, चीक तापवून वरून खाली दाबण्याची उष्ण पद्धत, आणि नव्या सीलरच्या भरवशावर एकच शलाका बसवण्याची सुटसुटीत पद्धत. थंड व उष्ण पद्धतींच्या तुलनात्मक अभ्यासांचा एकत्रित परामर्श घेतला गेला तेव्हा दीर्घकालीन फलात ठळक भेद दिसला नाही. उष्ण पद्धतीत द्रव्य मुळाच्या टोकाबाहेर जाण्याचे प्रमाण मात्र अधिक आढळले.

म्हणूनच अमुक द्रव्य वा तमुक यंत्र यांच्या जाहिरातीने दिपून जाण्याचे काही कारण नाही. दात टिकेल की नाही, याचा निकाल बव्हंशी भरणीच्या आधी आणि नंतर लागतो. आधी म्हणजे रबर डॅम लावून लाळ दूर ठेवली काय, सोडियम हायपोक्लोराइटने नलिका पुरेशी धुतली काय, आणि वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा दडलेली चौथी नलिका शोधली काय. नंतर म्हणजे वरची पक्की भरणी आणि कॅप वेळेवर बसली काय.

आणि येथेच मावळचा प्रश्न उभा राहतो. आंदर मावळातील किंवा नाणे मावळातील मजुराला दवाखान्याची प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाच्या रोजावर पाणी, आणि ऐन पावसाळ्यात तर ती फेरीच दुरापास्त. साहजिकच ठणका थांबला की तो येणे थांबवतो, तात्पुरती भरणी झिजते, लाळ आत शिरते आणि केलेला खर्च वाया जातो. तळेगावच्या कारखान्यांत कंत्राटावर आलेला कामगार वर्षभरात दुसऱ्या गावी जातो, तेव्हा त्याच्या दातावर पुढे हात ठेवणाऱ्या डॉक्टरांना आधीच्या कामाचा ठाव लागत नाही. गुट्टा-पर्चा उष्णतेने वा द्रावकाने मऊ करून काढता येतो, तर घट्ट झालेले कॅल्शियम सिलिकेट काढणे अतिशय कठीण. पुन्हा रूट कॅनाल करावयाचे झाल्यास आत काय आहे हे ठाऊक असणे अगत्याचे ठरते ते यामुळेच.

नोंदी ठेवण्यात वेळ जातो, असा आक्षेप व्यवसायातील मंडळी घेतील. परंतु रुग्णांच्या नोंदी जतन करण्याची तरतूद दंतवैद्यकांसाठी २०१४ साली सुधारलेल्या आचारसंहितेत आहेच, आणि डिजिटल एक्स-रे आज मोबाइलवर क्षणार्धात पाठवता येतो. चोख काम करणाऱ्या डॉक्टरांना या दाखल्याची भीती नाही. उलट त्यांच्या कौशल्याचा तो पुरावाच ठरेल. सरकारी रुग्णालयांनी दंतविभागाच्या केसपेपरवर यासाठी एक रकाना छापून आरंभ करावा. खर्च जवळजवळ शून्य आहे.

वाचकांनीही आपला वाटा उचलावा. भरणी झाल्यावर एक्स-रे दाखवण्याची विनंती करावी. त्यात मुळातील पांढरी रेघ सलग, मध्ये पोकळी नसलेली, टोकापासून दोन मिलिमीटरच्या आत थांबलेली आणि टोकाबाहेर न गेलेली दिसली पाहिजे. तशी ती नसेल तर कारण विचारावे, कारण वाकड्या वा बुजलेल्या मुळात त्याला रास्त कारणही असू शकते. द्रव्याचे नाव लिहून घ्यावे, कॅपची तारीख त्याच दिवशी ठरवावी, आणि तो कागद सातबाऱ्याच्याच फाइलीत जपून ठेवावा.